विरजण कोणाच्या घरचे?

दृष्टान्तांचा सुकाळ झाला की धर्माचा दुष्काळ पडू लागला असे खुशाल समजावे. हे वाक्य कोणा संताचे वा पंडिताचे नाही. माझेच आहे, आणि त्याची जबाबदारी घ्यावयास मी तयार आहे. आमच्या ख्रिस्ती समाजात सध्या असा सुकाळ आला आहे. रविवारच्या उपासनेत म्हणा, घरोघरच्या प्रार्थनासभेत म्हणा, नाताळपूर्वी वाटल्या जाणाऱ्या दिनदर्शिकेच्या पानांवर म्हणा, किंवा रोज पहाटे मोबाइलवर येऊन आदळणाऱ्या संदेशांत म्हणा, घरातली एकही वस्तू उपदेशकांच्या तावडीतून सुटलेली नाही. पेन्सिलीला टोक काढताना ती सोलली जाते, तसा देव आपल्याला सोलतो. चहाची पुडी गरम पाण्यात पडली म्हणजेच रंग सोडते, तसा संकटात विश्वासाचा रंग उतरतो. मोबाइल रोज चार्ज करावा लागतो, तशी रोज प्रार्थना करावी. प्रेशर कुकरच्या शिटीतूनही एका वक्त्याने माझ्यासमक्ष पवित्र आत्म्याचा आवाज काढून दाखविला. श्रोते खूश, वक्ता खूश. आणि कुकर बिचारा काय बोलणार!

नुसत्या करमणुकीची ही गोष्ट असती तर मी लेखणी उचलली नसती. परंतु या सगळ्या वस्तू एकाच कामाला जुंपल्या जातात. माणसाचा नवा जन्म, त्याचे आतून होणारे रूपांतर, जुना माणूस मरून नवा उभा राहणे हा आमच्या धर्माचा गाभा आहे, आणि तो समजावून सांगण्यासाठी म्हणून ही पेन्सिल आणि ही चहाची पुडी आणली जाते. गाभा मात्र समजत नाही. तो पातळ होतो. माझा मुद्दा थोडक्यात सांगतो. वस्तू शिकवितात, यात शंका नाही. पण जो वस्तूला तिचे सगळे बोलणे बोलू देतो त्यालाच त्या शिकवितात. आणि एकदा का वस्तू पुरते बोलली, की ती ऐकणाऱ्याजवळ काहीतरी मागते. काहीच न मागणारा दृष्टान्त हा दृष्टान्त नव्हे, तो खाऊ आहे.

मी राहतो घोरावाडीस. पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलने देहूरोड आणि बेगडेवाडी ओलांडली की आमचे लहानसे स्टेशन येते, आणि त्यापुढचे तळेगाव. जवळच घोरावडेश्वराचा डोंगर आहे. त्यात बौद्ध भिक्षूंनी कोरविलेली लेणी आहेत, त्याच लेण्यांत आज शिवाचे पूजास्थान आहे, आणि तुकोबा एकांतासाठी येथेही येत असे परंपरा सांगते. तुकोबांचे देहू येथून फार लांब नाही. पुढे गेले की मावळातली भाताची खाचरे लागतात. अशा मुलखात राहणाऱ्या माणसाला रूपांतराचे धडे शोधावयास पेन्सिलीपर्यंत जाण्याचे कारण नाही. ते पायाखाली आहेत. फक्त ते गोड नाहीत.

माझ्यावर पहिला आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. "अहो, प्रभूने स्वतः दृष्टान्तच सांगितले ना? बी, मासे, हरवलेले नाणे, दिवा, मीठ, सगळ्या घरगुती वस्तूच ना?" होय, सांगितले. म्हणूनच तर माझे भांडण आहे. प्रभूचे दृष्टान्त ऐकून लोक प्रसन्न होऊन घरी गेले असे शुभवर्तमानात फारसे आढळत नाही. काही गोंधळले, काही चिडले, काहींनी दगड उचलले. द्राक्षमळ्याचा दृष्टान्त ऐकून याजकांना कळले की हा आपल्याविषयीच बोलतो आहे, आणि त्यांनी त्याला धरावयाचा बेत केला. आमच्या उपदेशकांच्या पेन्सिलीने आजवर कोणाला राग आलेला मी पाहिला नाही. राग यावा कशाला? तीच पेन्सिल विमा कंपनीच्या विक्रेत्यांच्या शिबिरात चालते, योगाच्या वर्गात चालते, शाळेच्या स्नेहसंमेलनात चालते. जो धडा सर्वांना बसतो तो कोणालाच लागत नाही. पादत्राण सर्वांच्या पायांत जाऊ लागले की ते पादत्राण राहत नाही, पोते होते.

आता एकच दृष्टान्त घेऊ आणि तो तळापर्यंत पाहू. खमिराचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. एका बाईने थोडे खमीर घेऊन तीन मापे पिठात लपविले आणि सगळे पीठ फुगून आले. देवाचे राज्य तसे आहे. आमच्याकडे यावर प्रवचन होते ते असे: थोडासा चांगुलपणा सगळीकडे पसरतो, तेव्हा आपण चांगले व्हावे. झाले! पण गालिलातल्या ज्या बायामाणसांनी तो प्रथम ऐकला त्या दचकल्या असतील. त्यांचे खमीर म्हणजे दुकानातली स्वच्छ पुडी नव्हे. ते आदल्या दिवशीच्या आंबलेल्या कणकेचा राखून ठेवलेला गोळा होते, आंबूस वासाचे, नासण्याच्या उंबरठ्यावरचे. वल्हांडणाच्या सणात ते घरातून कण न् कण झाडून बाहेर काढीत. खुद्द प्रभूने परूश्यांच्या शिकवणीला खमीर म्हणून नावे ठेवली आहेत. आणि तोच म्हणतो की देवाचे राज्य या खमिरासारखे आहे! शिवाय ती तीन मापे म्हणजे दोन भाकरींची कणीक नव्हे. शंभरावर माणसे जेवतील एवढे ते पीठ. म्हणजे दृष्टान्त सांगतो तो असा: ज्याला तुम्ही सोवळ्याबाहेर ठेवता, नासके म्हणता, ते देव एका बाईच्या हातून तुमच्या पिठात लपवितो, आणि त्यातून सगळ्या गावाचे जेवण होते. कोठे हा विस्तव, आणि कोठे आमचा 'थोडासा चांगुलपणा'!

मराठी बायबलात येथे 'खमीर' हा शब्द आहे. शब्द चुकीचा नाही. परंतु भाकरी थापणाऱ्या मावळातल्या बाईच्या चुलीपाशी खमीर कधीच नव्हते. तिच्याजवळ आहे ते विरजण. आणि मराठी भाषेची गंमत पाहा. खमिराला त्या यहुदी घरात जे दुहेरी तोंड होते तेच आमच्या भाषेत विरजणाला आहे. विरजणाशिवाय दही नाही, ताक नाही, लोणी नाही, तूप नाही. देवापुढचा दिवासुद्धा त्या तुपाचा. आणि तरीही कोणाचा आनंद मावळला तर आपण म्हणतो, "त्याच्या आनंदावर विरजण पडले." एकाच शब्दात घडणेही आहे आणि नासणेही आहे. दुधाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही खरे आहे. दूध म्हणून ते संपले. विरजण लागलेल्या दुधाला पुन्हा दूध होता येत नाही. रूपांतर या शब्दाचा अर्थ याहून उघड करून कोणी सांगितला आहे?

विरजणाचा दृष्टान्त आमच्या काही वक्त्यांनीही वापरला आहे, हे मी नाकारीत नाही. दूध म्हणजे मन, विरजण म्हणजे देवाचे वचन, भांडे म्हणजे चर्च, असे कोष्टक ते मांडतात. परंतु विरजणाला ते बोलू देत नाहीत. घरातल्या कोणत्याही बाईला विचारा, ती तीन गोष्टी सांगेल. दूध कडकडीत तापलेले असेल तर विरजण मरते. फार थंड असेल तर लागत नाही. ते कोमटच हवे. म्हणजे ज्या सभेत ढोल-ताशाने माणसाला तापवून उकळी आणतात, तेथे विरजण लागण्याचा संभव कमी. दुसरी गोष्ट: लावल्यावर भांडे हलवू नये, सारखे उघडून पाहू नये. आम्ही तर आज बाप्तिस्मा दिलेल्या माणसाला उद्या व्यासपीठावर उभे करून त्याच्याकडून साक्ष वदवितो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरातले विरजण संपले तर नुसत्या दुधातून ते करता येत नाही. कितीही निर्मळ दूध असो, ते आपले आपण सुरेख दही होत नाही. वाटी घेऊन शेजारी जावे लागते.

येथे माझा प्रश्न येतो, आणि या लेखाचे शीर्षकही तेच आहे: विरजण कोणाच्या घरचे?

आमच्या आज्यांच्या काळी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. वाटी कोणत्या दाराशी न्यावयाची आणि कोणत्या नाही हे जातीने ठरविलेले असे. दूध गवळ्याचे चाले, पण विरजण आपल्यांतलेच हवे. आता ही गोष्ट त्या खमिराच्या दृष्टान्ताशेजारी ठेवा. बदल घडविणारी वस्तू आपल्या घरात तयार होत नाही, ती बाहेरून आणावी लागते. आणि बाहेरून आणावयाची तर उंबरठा ओलांडावा लागतो. ज्या घरचे पाणी तुम्हाला चालत नाही, त्याच घरी देवाने तुमचे विरजण ठेवले असेल तर? हा प्रश्न विचारील त्या वक्त्याला पुढच्या आठवड्याचे आमंत्रण येणार नाही. म्हणून कोणी विचारीत नाही. पेन्सिल सोलीत बसतात.

हे मी कल्पनेने बोलत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यात याचे सर्वांत बोलके उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. नारायण वामन टिळकांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या उपदेशकांचा या गाडीवर फार जीव. 'तिकीट', 'डबा', 'शेवटचे स्टेशन' असे सारे दृष्टान्त त्यांनी या एका प्रवासातून उतरवून घेतले आहेत. परंतु त्या गाडीतून उतरल्यावर काय झाले ते कोणी सांगत नाही. घर फुटले. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळे सोडून आल्या नाहीत. धर्मांतरित नवऱ्याच्या जवळपास राहून चूल वेगळी, पाणी वेगळे, हात वेगळे, असा संसार त्यांनी केला.

आणि रूपांतर झाले ते कोठे? १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' उघडून पाहा. तेथे वीज कडाडत नाही, आकाशवाणी होत नाही. तेथे घागर आहे, तवा आहे, शिवणे-न शिवणे आहे, आणि जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा एका अल्पशिक्षित पण कमालीच्या प्रामाणिक बाईने स्वतःला विचारलेला प्रश्न आहे. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, हा निश्चय आधी झाला. १९०० साली बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. हा क्रम नीट लक्षात घ्यावा अशी माझी विनंती आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत घागर ही रूपांतराची उपमा नव्हती. घागर हेच रूपांतराचे ठिकाण होते. उपमा आणि ठिकाण यांतला हा फरक ज्याला कळला त्याला दैनंदिन वस्तूंतून धर्म शिकता येईल. ज्याला तो कळला नाही त्याने खुशाल शिट्या मोजाव्यात.

टिळक स्वतः सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. आता तुकोबांकडेच पाहू. तो वाण्याचा धंदा करणारा माणूस. तराजू, माप, धान्य, मुद्दल, व्याज, सगळे त्याच्या अभंगांत येते, आणि येते ते धंद्याच्या घामासकट येते. पण परंपरा त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगते. सतराव्या शतकातल्या त्या भयंकर दुष्काळानंतर लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची आपल्या वाट्याची खते त्याने इंद्रायणीत बुडविली. आमच्या एखाद्या प्रवचनकाराला तीच कर्जखते मिळाली असती तर त्याने काय केले असते? 'आपल्या पापांचे कर्ज प्रभूने फेडले आहे' असा सुरेख दृष्टान्त त्यांवरून सांगितला असता, आणि सभा संपल्यावर खते घडी करून पेटीत ठेवली असती!

आता मावळातल्या भाताचे पाहा. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, या अर्थाचे प्रभूचे वचन आहे, आणि त्यावर प्रवचने उदंड होतात. पण ती बी पेरण्यापाशी थांबतात. आमच्याकडचा शेतकरी तेथे थांबत नाही. उन्हाळ्यात तो राब भाजतो: जमिनीच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत पसरून पेटवितो. त्या भाजलेल्या मातीत पावसाच्या तोंडाशी भात पेरतो. तीन-चार आठवड्यांत असे दाट, असे पोपटी रोप उभे राहते की पाहणाऱ्याचे डोळे निवावेत. आणि मग, ऐन हिरवेपणात, ते मुळासकट उपटले जाते. मुठी बांधून, चिखल केलेल्या दुसऱ्या खाचरात, कमरेत वाकून बाया त्याच्या काड्या एकेका जागी रोवतात. पहिले काही दिवस रोप पिवळे पडते, माना टाकते. मेले की काय, असे वाटते. मग ते नव्या चिखलात मूळ धरते आणि त्याला फुटवे फुटतात. न उपटलेले, राबातच राहिलेले रोप दाटीत उंच वाढते, हिरवे दिसते. पण त्याची लोंबी भरत नाही.

आमच्या मंडळ्या या राबातल्या रोपासारख्या आहेत, असे मी म्हटले तर पुष्कळांना राग येईल. यावा. दाट आहोत, हिरवे आहोत, एकमेकांना चिकटून उभे आहोत, एकमेकांची गाणी म्हणतो आहोत. परक्या चिखलात जावयास कोणी तयार नाही. रूपांतराची खूण म्हणून आम्ही नेहमी फुलपाखरू दाखवितो, कारण त्याला रंग आहेत. पण फुलपाखराचीही आम्ही अर्धीच गोष्ट सांगतो. सुरवंटाला कोशात नुसते पंख फुटत नाहीत. त्याच्या शरीराचा बहुतेक भाग तेथे विरघळून जातो, आणि त्याच्यात आधीपासून सुप्त असलेल्या पेशींच्या इवल्याशा चकत्यांतून नवे अवयव घडतात. रोमकरांस लिहिताना पौलाने मनाच्या रूपांतरासाठी जो ग्रीक शब्द योजिला, त्यावरूनच शास्त्रज्ञांनी या घडामोडीला नाव दिले आहे. विरघळण्याची तयारी नसलेल्याने पंखांचे चित्र भिंतीवर टांगू नये.

घोरावाडीच्या पुढचे स्टेशन तळेगाव, हे वर सांगितलेच. तेथे लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काचेचा कारखाना १९०८ साली निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार हिंडून ती चळवळ चालविली, आणि तळेगावात शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर कारखान्यांत गेले. काचेची भट्टी हाही उपदेशकांचा आवडता विषय: वाळूसारखा क्षुद्र माणूस अग्नीत पडतो आणि पारदर्शक होतो. खरे आहे. पण काच करणाऱ्याला विचारा, तो आणखी दोन गोष्टी सांगेल. एक, भट्टीत नव्या वाळू-सोडा-चुन्याबरोबर फुटक्या काचेचे तुकडे घालतात. त्यांच्यामुळे घाण लवकर वितळतो. फुटलेल्यांना बाहेर टाकावयाचे नसते, त्यांच्याच संगतीने नवे वितळते. दुसरी, भट्टीतून काढलेले भांडे तसेच उघड्यावर ठेवले तर ते तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, कोणी हात न लावता तडकते. त्याला गरम कोठीत ठेवून अगदी सावकाश निववावे लागते. भट्टीइतकीच ती कोठी महत्त्वाची.

माझा अनुभव असा की आमच्यात भट्ट्या फार झाल्या आहेत आणि निववण्याची कोठी कोणापाशी नाही. माणूस सभेत रडतो, जुने सोडतो, नवे नाव घेतो. नातलग तोडतात. आणि मग आम्ही त्याला वाऱ्यावर सोडतो. त्याच्या मुलीच्या लग्नाची वेळ आली की आमच्यांतलीच प्रतिष्ठित घरे हळूच विचारतात, "मूळचे कोण हो हे?" माझ्या पाहण्यातले एक लग्न एवढ्याच प्रश्नावर मोडले. मुलगा आणि मुलगी एकाच मंदिरात, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत होती. त्या मुलीचा बाप तडकला, तो आवाज आमच्या गायनाच्या गजरात कोणाला ऐकू गेला नाही.

याच कारणाने मला देहूरोडची आठवण टोचत राहते. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तो नाताळचा दिवस होता. देशभर आम्ही ख्रिस्ती लोक गव्हाणीतल्या बाळाची गाणी गात होतो. आणि ज्या समाजाला माणुसकीचे घर हवे होते तो आमच्या मंदिरांच्या दारावरून पुढे गेला. का गेला, याचे एक उत्तर आंबेडकरांच्या लेखनातच आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांचा त्यांनी स्वतंत्रपणे विचार केला आणि विचारले की धर्म बदलून यांच्या जगण्यात काय बदलले, चर्चमध्ये जात शिल्लक का राहिली? दोन वर्षांनी नागपूरच्या दीक्षेच्या वेळी त्यांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या; त्यांत काय मानावयाचे नाही, काय करावयाचे नाही हे रोजच्या जगण्यातल्या शब्दांत सांगितले होते. पेन्सिलीची गोष्ट सांगून लाखो माणसे उभी राहत नसतात. आंबेडकरांच्या त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर असते तर ते ग्रंथांत नसते, आमच्या ताटात दिसले असते.

आमचे पूर्वजही या ताटापाशीच अडखळले होते, हे नव्या करारातच आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून सोवळी मंडळी आली तेव्हा भिऊन तो पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले. करिंथात श्रीमंत आधीच खाऊन-पिऊन बसत आणि गरीब उपाशी राहत; पौलाने त्यांना लिहिले की तुम्ही करता ते प्रभुभोजनच नव्हे. भाकर आणि प्याला! याहून घरगुती वस्तू कोणती? पण प्रभूने भाकरीवर प्रवचन देऊन ती बाजूला ठेवली नाही. ती मोडली आणि शेजाऱ्याच्या हातात दिली. पंडिता रमाबाईंनी हे जाणले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदनात वाढविल्या, आणि साध्या बायांना कळावे म्हणून सबंध बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणले. ते जुळविणारे, छापणारे हातही तेथल्या बायकांचेच होते. शब्द सोपा करावयाचा तो असा. आधी ताट वाढावयाचे, मग शब्द.

आता दुसरा आक्षेप. "साध्या भाविकाला एवढे जड काय सोसणार? त्याला पेन्सिलीपासून दोन घटका समाधान मिळते, तर तुमचे काय जाते?" माझे काही जात नाही, पण तुम्ही ज्याला साधा भाविक म्हणता तो तुमच्याहून शहाणा आहे. चिखलात लावणी करणाऱ्या बाईला रोप उपटल्यावर काय होते हे तुम्ही सांगावयाचे नाही, तिने तुम्हाला सांगावयाचे आहे. तिला व्यासपीठाखाली बसवून माइकवरून तिच्याच शेताचा दृष्टान्त तिला गुळगुळीत करून ऐकविणे हा तिचाही अपमान आहे आणि शेताचाही. साधेपणाच्या नावाखाली आपण आपला भित्रेपणा झाकतो, एवढेच.

आणि वाचकहो, तुम्ही ख्रिस्ती नसाल तर हे भांडण परक्याच्या घरचे समजून पान उलटू नका. प्रवचनाचा हा स्वस्त माल सर्व पेठांत एकाच भावाने विकला जातो. वर फक्त निराळ्या देवाचा छाप असतो. या दिवाळीत चकली-चिवड्याची ताटे घरोघर जातील. कोणत्या घरी जातात आणि कोणत्या दारावरून पुढे निघून जातात, घरकाम करणाऱ्या बाईचा कप वेगळ्या कोनाड्यात का असतो, हे एकदा पाहावे. एवढे पाहिले तर त्या ताटावरून कोणताही दृष्टान्त काढण्याची गरज उरणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. आमच्या उपदेशकांनी एक वर्ष वस्तूंना सुट्टी द्यावी. कुकरला शिजवू द्यावे, पेन्सिलीला लिहू द्यावे. आणि त्या वर्षात, ज्या घरचे आजवर कधी काही घेतले नाही अशा एका घरी वाटी घेऊन जावे आणि चमचाभर विरजण मागावे. ते घरी आणावे, कोमट दुधात घालावे, भांडे झाकून ठेवावे, आणि सकाळी ते दही घरातल्या सर्वांनी मिळून खावे. मग त्याविषयी काही सांगावेसे वाटले तर जरूर सांगावे. तेव्हा मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.